सिडनी रिंगर

सिडनी रिंगर (मृत्यू: १४ ऑक्टोबर १९१०) हे इंग्लंडमधील वैद्य, औषधशास्त्राचे प्राध्यापक व शरीरक्रियाविज्ञानाचे अभ्यासक होते. हृदयाचे स्पंदन चालू राहण्यासाठी रक्तातील कोणकोणते क्षार आवश्यक असतात, याचा त्यांनी शोध घेतला. त्या शोधातून तयार झालेले द्रावण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. रुग्णालयांत शिरेवाटे दिला जाणारा ‘रिंगर लॅक्टेट’ हा द्रव त्याच द्रावणाचे सुधारित रूप आहे.

जीवन व कारकीर्द

रिंगर यांचा जन्म १८३० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉर्विच या शहरात झाला. १८५४ मध्ये त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. १८६० मध्ये ते पदवीधर झाले व १८६३ मध्ये त्यांनी एम.डी. ही पदवी मिळवली. युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात त्यांची सारी कारकीर्द गेली. १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘हँडबुक ऑफ थेरप्युटिक्स’ या ग्रंथाच्या १८९७ पर्यंत तेरा आवृत्त्या निघाल्या. १८८५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. रुग्णसेवा व अध्यापन सांभाळून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत काम करीत.

हृदयावरील प्रयोग

शिरेवाटे क्षारयुक्त पाणी देण्याचा उपाय रिंगर यांच्या आधीच करून पाहण्यात आला होता. १८३२ मध्ये पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील डॉक्टर थॉमस लाटा यांनी तो योजला होता. परंतु त्या पाण्यात कोणते क्षार असावेत आणि का, हे तेव्हा उलगडले नव्हते.

रिंगर यांनी बेडकाच्या हृदयाचा निलय शरीराबाहेर काढून, निरनिराळ्या द्रावणांत तो किती वेळ व कसा आकुंचन पावतो याच्या नोंदी ठेवल्या. १८८२ मध्ये त्यांनी आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नंतर असे लक्षात आले की, मिठाचे ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवले गेले होते. हे पाणी न्यू रिव्हर कंपनीकडून येत असे आणि त्यात कॅल्शियमचे क्षार होते. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात मीठ घालून प्रयोग केला, तेव्हा हृदयाचे आकुंचन थोड्याच वेळात थांबले. कॅल्शियम मिसळताच ते पुन्हा सुरू झाले.

रिंगर यांनी ही बाब झाकून ठेवली नाही. १८८३ च्या लेखात आधीच्या द्रावणात नळाचे पाणी वापरले गेल्याचे त्यांनी स्पष्ट नमूद केले व आपले निष्कर्ष दुरुस्त केले. हृदयाच्या आकुंचनाला कॅल्शियम अत्यावश्यक आहे, हे यातून सिद्ध झाले. केवळ कॅल्शियम वाढवले तर हृदय नीट शिथिल होत नाही. पोटॅशियम त्याचा तोल राखते. मात्र पोटॅशियमचे प्रमाण अधिक झाल्यास हृदय बंद पडते. रिंगर यांचे द्रावण म्हणजे सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांचा असा तोल साधणारे मिश्रण होय. ते प्रयोगशाळेतील हृदयासाठी बनवले होते, रुग्णांसाठी नव्हे.

रिंगर लॅक्टेट

१९३० च्या दशकात अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन यांनी या द्रावणात सोडियम लॅक्टेट मिसळले. शरीरातील पाणी कमी होऊन रक्ताची आम्लता वाढलेल्या बालकांवर उपचार करणे हा त्यामागील हेतू होता. लॅक्टेटचे मुख्यतः यकृतात बायकार्बोनेटमध्ये रूपांतर होते व आम्लता कमी होण्यास मदत होते. या द्रवास ‘हार्टमनचे द्रावण’ असेही म्हणतात. त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे १३० मिलिमोल सोडियम, ४ ते ५ मिलिमोल पोटॅशियम, थोडे कॅल्शियम व सुमारे २८ मिलिमोल लॅक्टेट असते. नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये मात्र केवळ ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सोडियम व क्लोराइड प्रत्येकी १५४ मिलिमोल असते.

महाराष्ट्रात शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक द्रवाला बोलीत ‘सलाईन’ असे म्हणतात. परिचारिकेला मात्र हा भेद ठाऊक असावा लागतो. साठवलेल्या रक्तात ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेले असते. रिंगर लॅक्टेटमधील कॅल्शियममुळे त्याचा परिणाम कमी होऊन नळीत गुठळ्या होण्याची शक्यता असते. म्हणून हे दोन्ही एकाच नळीतून देत नाहीत. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शनही शिरेत थेट व झपाट्याने कधीच दिले जात नाही. ते द्रवात विरळ करून, ठरवलेल्या गतीनेच द्यावे लागते. या दोन्ही नियमांमागील तत्त्वे रिंगर यांच्या प्रयोगांशी निगडित आहेत.

उत्तरायुष्य

रिंगर यांची एक मुलगी बालपणीच वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी यॉर्कशायरमधील लास्टिंगहॅम या खेड्यातील सेंट मेरी या प्राचीन चर्चचा स्वखर्चाने जीर्णोद्धार केला. १९०० मध्ये निवृत्त झाल्यावर ते त्याच गावी राहू लागले. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले व लास्टिंगहॅम येथेच त्यांचे दफन करण्यात आले.