माता रमाईंचे अंतःकरण

उपासक-उपासिकांनो, घरात दुःख आले की आपले मन जुन्या देवांकडे धावते. अशा वेळी माता रमाईंना आठवा.

दापोलीजवळच्या वणंद गावी १८९८ साली त्यांचा जन्म झाला. आईबाप लहानपणीच गेले. बाबासाहेब परदेशी शिकत असता त्यांनी शेणी थापून संसार रेटला. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरे गेली. एकटा यशवंत राहिला. पंढरपूरची त्यांना ओढ होती, पण ते देऊळ अस्पृश्यांना बंद होते. मग बळ आले कोठून? स्वतःच्या अंतःकरणातून!

२७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. १९५६ ची धम्मदीक्षा त्यांना पाहता आली नाही. तुम्हाला ती लाभली आहे. तेव्हा नवस सोडा, मैत्री-करुणेने आपले अंतःकरण बळकट करा.