तंजावरच्या राजाचे केसपेपर आणि चष्म्याचा नंबर

सिंदखेडराजाचे नाव घेतले की जिजाऊंचे जन्मस्थान आठवते. जिजाऊंचे पती शहाजीराजे यांना दुसऱ्या पत्नी तुकाबाई यांच्यापासून झालेले पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात दूर दक्षिणेत तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. पुढे त्याच गादीवर बसलेले दुसरे सरफोजीराजे ग्रंथप्रेमी राजे म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्यांबरोबर आणखी एक ठेवा आहे. तो म्हणजे त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांचे, डोळ्यांची चित्रे काढलेले केसपेपर. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हाती पडणारा नंबरचा कागद समजून घ्यायला या राजाची गोष्ट चांगली उपयोगी पडते.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस नव्हता. त्यांनी भोसले कुळातील या मुलाला १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. सत्ता तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे गेली. दत्तक मुलाच्या वाट्याला कोंडलेले आयुष्य आले. पुरेसा उजेड नसलेली खोली, आणि शिक्षणाचे नाव नाही. तुळजाजींनी ज्यांच्यावर मुलाची काळजी सोपवली होती, त्या जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे त्याच्यासाठी पाठपुरावा केला. १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवण्यात आले. तेथे तो इंग्रजी आणि पाश्चात्त्य विज्ञान शिकला. १७९८ मध्ये त्याला गादी मिळाली.

पण राज्य फार काळ हाती राहिले नाही. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा भाग आणि तनखा उरला. या वेळी सरफोजी अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांनी आपली उमेद विद्येकडे वळवली. देशोदेशीचे ग्रंथ जमवले, १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला. भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. जे पाहिले ते नोंदवून ठेवायचे, हा त्यांचा स्वभाव होता.

हाच स्वभाव त्यांच्या धन्वंतरी महालात दिसतो. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा वेगवेगळ्या पद्धतींचे वैद्य काम करत. डोळ्यांच्या आजारांत राजांना विशेष रस होता. रुग्ण कोण, तक्रार काय, डोळा कसा दिसतो, उपचार कोणते केले, हे कागदावर उतरवले जाई. चित्रकार डोळ्याचे रंगीत चित्र काढी. छायाचित्राचा शोध लागण्याआधी रुग्णाच्या डोळ्याची अशी नोंद ठेवणे ही मोठीच दूरदृष्टी होती.

मात्र त्या काळच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला एक मर्यादा होती. बुबुळामागे असलेले नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. सुश्रुतांच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीत हे भिंग सुईने डोळ्यातच खाली ढकलत. युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यापासून ते बाहेर काढू लागले. दोन्ही प्रकारांत उजेडाची वाट मोकळी होई, पण डोळा भिंगाविना राही. अशा डोळ्याला साधारण अधिक १० नंबरचे जाड भिंग लागते. जुन्या पिढीतल्या आजी-आजोबांचे जाडजूड, डोळे मोठे दाखवणारे चष्मे अनेकांना आठवत असतील. ते याच कारणाने लागत.

डोळ्याचा दोष आकड्यात सांगण्याची सोयही तेव्हा नव्हती. तिरकस नंबर दुरुस्त करणारे दंडगोलाकार भिंग इंग्लंडमध्ये जॉर्ज एअरी यांनी स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी करवून घेतले ते १८२५ च्या सुमारास, म्हणजे सरफोजींच्या हयातीत. सरफोजी १८३२ मध्ये गेले. नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता स्नेलेन यांनी १८६२ मध्ये आणला आणि भिंगाची ताकद मोजणारे डायऑप्टर हे एकक १८७२ मध्ये आले. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी केली. त्या पहिल्या रुग्णाचा नंबर उणे १८ च्या आसपास निघाला. भिंग नीट बसले होते, पण त्याची ताकद गरजेपेक्षा फार जास्त होती.

आज शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वक्रता मोजून भिंगाची ताकद ठरवतात. तरीही थोडा फरक राहू शकतो. हा उरलेला फरक म्हणजेच चष्म्याचा नंबर. म्हणून नंबर लागला याचा अर्थ शस्त्रक्रिया बिघडली असा होत नाही.

एक उदाहरण घेऊ. उजव्या डोळ्यापुढे लिहिले आहे : स्फिअर उणे ०.५०, सिलिंडर उणे १.००, ॲक्सिस ९०, ॲड अधिक २.५०. स्फिअर म्हणजे सरळ नंबर. उणे असेल तर दूरचे अस्पष्ट दिसते. नुसता उणे ०.५० असेल तर सुमारे दोन मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, पलीकडचे पुसट होते. सिलिंडर म्हणजे तिरकस नंबर. पारदर्शक पडद्याचा गोलावा सगळ्या दिशांना सारखा नसला की तो येतो. शस्त्रक्रियेच्या छेदामुळे किंवा टाक्यामुळे तो वाढू शकतो. ॲक्सिस ही त्याची दिशा, १ ते १८० अंशांत. हा आकडा मोठा म्हणजे दोष मोठा असे नाही. पण भिंग या दिशेपासून फिरले तर चष्मा घालूनही नीट दिसत नाही, त्यामुळे वाकडी झालेली फ्रेम सरळ करून घ्यावी.

ॲड म्हणजे वाचनासाठी वाढवलेली ताकद. नैसर्गिक भिंग तरुणपणी जवळचे पाहताना फुगते. नेहमीचे कृत्रिम भिंग तसे करू शकत नाही. म्हणून दूरचे छान दिसत असले तरी पोथी वाचायला किंवा सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. वरच्या उदाहरणात वाचनाचा सरळ नंबर उणे ०.५० आणि अधिक २.५० मिळून अधिक २.०० होतो, तिरकस नंबर तोच राहतो. बाजारात मिळणाऱ्या तयार चष्म्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि तिरकस नंबर नसतो. त्यामुळे तो सगळ्यांना चालत नाही. शेजाऱ्याचा किंवा शस्त्रक्रियेआधीचा जुना चष्माही याच कारणाने जुळत नाही.

कागदावर ६/१२ असे काही लिहिलेले असते, तो नंबर नसून नजरेची नोंद आहे. निरोगी डोळा जी ओळ १२ मीटरवरून वाचतो ती या डोळ्याला ६ मीटरवरून वाचता येते, असा त्याचा अर्थ. चष्मा लावूनही हा आकडा सुधारत नसेल तर पडद्याचा किंवा काचबिंदूसारखा दुसरा आजार आहे का, हे पाहावे लागते.

नंबर काढायची घाई करू नये. जखम भरेपर्यंत तो बदलत राहतो. बहुतेकांचा चार ते सहा आठवड्यांत स्थिर होतो. टाके घातले असतील तर आणखी वेळ लागू शकतो. पहिल्या दिवसांत दुखणे, लाली वाढणे किंवा नजर एकदम कमी होणे ही मात्र लगेच डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत, चष्म्याची वाट पाहण्याची नव्हेत. काही महिने किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर कृत्रिम भिंगामागचा पातळ पापुद्रा गढूळ झालेला असू शकतो. तेव्हा नवा चष्मा उपयोगी पडत नाही, लेझरने काही मिनिटांत वाट मोकळी करता येते.

सरफोजीराजांच्या रुग्णांची नजर आकड्यात मोजता आली नाही. पण त्यांचे डोळे कसे होते हे आजचे डॉक्टर पाहू शकतात, कारण राजांनी कागद जपले. शस्त्रक्रियेचे कार्ड आणि नंबरचा कागद एकाच पिशवीत ठेवावा. दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला किंवा पुढच्या तपासणीला जाताना ती पिशवी सोबत न्यावी. जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवला की डोळ्यात काय बदलले हे डॉक्टरांना लगेच कळते.