दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबईच्या शेअर बाजाराचे एक आद्य प्रवर्तक शेठ प्रेमचंद रायचंद यांचा जन्म इ. स. १८३१ मध्ये सुरत येथील जैन कुटुंबात झाला. बालपणीच ते मुंबईस आले. इंग्रजीचे ज्ञान व तल्लख बुद्धी यांच्या बळावर ऐन तारुण्यात ते अग्रगण्य दलाल झाले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत संपत्तीचा पूर लोटला. नव्या बँका व समुद्र-भरणीच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. या तेजीचे सूत्रधार प्रेमचंदशेठ होते.

वास्तविक शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा अंश. कर्ज देणाऱ्यास ठरलेले व्याज मिळते. भागधारकास सर्व देणी भागल्यावर उरेल तेच. कंपनीची भरभराट झाली तर लाभांश व मूल्यवृद्धी त्याची. ती बुडाली तर त्याचा क्रम सर्वांत शेवटी. त्या काळी मात्र मालकी विस्मरणात गेली आणि केवळ भाव उरला. शेअर तारण ठेवून कर्ज काढावे व त्यातून पुन्हा शेअर घ्यावेत, असे चक्र सुरू झाले.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले. १ जुलै रोजी मुदतीचे सौदे पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. तारणावर कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. शेठजींचे वैभवही लयास गेले.

टिकले ते दान. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोऱ्यासाठी ४ लाख रुपये दिले होते. १८७८ मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा मातोश्री राजाबाईंच्या नावाने उभा आहे. अंध मातेस सूर्यास्तापूर्वी भोजनाची वेळ त्याच्या घंटानादाने कळे, अशी आख्यायिका आहे.

शेठजी पुन्हा व्यवसायात उभे राहिले. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या दलालांच्या संघटनेचे, म्हणजेच आजच्या मुंबई शेअर बाजाराच्या पूर्वरूपाचे, ते एक संस्थापक होत. १९०६ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या समाजास कारखाने व कंपन्या परक्या नाहीत. शेअर घेणारा हा त्या उद्योगाचा अंशतः धनी होतो. म्हणून उद्योग पारखून, कर्ज न काढता आणि परिग्रह-परिमाणाची मर्यादा राखून तो घ्यावा, हाच या जीवनचरित्राचा बोध होय.