परत न आलेला डॉक्टर

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक असतात ते व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे. चित्रपटाने त्यांना अमर केले. मला मात्र त्यांचा एक निर्णय अधिक विचार करायला लावतो.

१९१० साली जन्मलेले कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. तिकडे चीनमध्ये १९२७ पासून च्यांग कै-शेक यांचा कुओमिंतांग पक्ष आणि कम्युनिस्ट यांच्यात यादवी पेटलेली होती. १९३७ मध्ये जपानने चढाई केली तेव्हा दोघांनी हातमिळवणी केली, पण मने जुळली नाहीत. कम्युनिस्टांचे सेनापती चू तेह यांच्या विनंतीवरून आपल्या काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून निघाले.

कोटणीस चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. ते परतले असते तर कोणी नावे ठेवली नसती. ते राहिले. माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकणाऱ्या मुलाकडे घर कसे डोळे लावून बसते, हे मी रोज पाहतो. म्हणून त्यांचे राहणे मला सोपे वाटत नाही.

येनानहून ते आघाडीवर, वुताई पर्वताच्या मुलखात गेले. तेथे जपान्यांचे हल्ले होत आणि कुओमिंतांगच्या नाकेबंदीमुळे औषधेही पोचत नसत. यादवीची किंमत जखमी सैनिक मोजत होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३९ मध्ये तेथेच वारले होते; त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ मध्ये झालेल्या मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. त्यात भारत आणि चीन दोन्ही आहेत.

९ डिसेंबर १९४२ रोजी फेफऱ्याच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. पथकातील बाकीचे चौघे मायदेशी परतले. जपानची हार, चीनमध्ये पुन्हा भडकलेली यादवी, भारताचे स्वातंत्र्य, यांतले काहीच कोटणीसांनी पाहिले नाही.

शिकलेल्या माणसावर पहिला हक्क घराचा असतो, असेच मी मानत आलो. कोटणीसांचे चरित्र वाचल्यापासून हे वाक्य मला पूर्वीसारखे ठामपणे उच्चारता येत नाही.