पाहुण्या पाखरांची नोंद

पावसाळा संपत आला, की मुंबईत एक लहानसा पक्षी दिसू लागतो. त्याची पाठ करडी, पोट पिवळसर आणि शेपटी लांब असते. ओल्या गवतावर तो तुरुतुरु धावतो आणि शेपटी सारखी खालीवर हलवतो. घाटावर धोबी कपडे आपटतो तशी ही शेपटी आपटते, म्हणून मराठीत त्याला करडा धोबी म्हणतात. उर्दूत धोब्यांच्या या जातीला ममोला हे नाव आहे. हा पक्षी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. हिवाळा इथे काढून तो परत जातो आणि पुढच्या वर्षी पुष्कळदा पुन्हा त्याच अंगणात उतरतो.

एवढासा जीव हजारो मैलांवरून येतो, हे कसे कळले? कोणीतरी त्याला पाहिले, तारीख आणि जागा लिहून ठेवली, आणि असे वर्षानुवर्षे केले, तेव्हा कळले. आपल्या देशात हे काम ज्यांनी जन्मभर केले त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी लहानग्या सलीमला छऱ्याची बंदूक दिली. सलीम तिने चिमण्या मारी.

एके दिवशी त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. ती खाणे योग्य आहे की नाही, अशीही शंका मनात आली. मुलगा चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही तिचे नाव सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत पाठवले. निसर्गाचा अभ्यास करणारी ही संस्था १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. तिचे सचिव मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ होते. गोऱ्या साहेबासमोर जायचे म्हणून मुलगा घाबरला होता. पण मिलार्डसाहेबांनी चिमणी हातात घेताच ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचे ओळखले. मग त्यांनी एकामागून एक कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. चिमणीचेही इतके प्रकार असतात, हे त्या दिवशी सलीमला प्रथमच समजले.

यानंतर सगळे सरळ झाले असे मात्र नाही. डोकेदुखीमुळे त्यांची शाळा बुडत असे. मॅट्रिकची परीक्षा ते कसेबसे पास झाले. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेले, तिथेही लक्ष जंगलातल्या पाखरांकडेच. धंद्यात नाव काढण्यासारखे काही झाले नाही. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये प्रेक्षकांना माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. (आज या म्युझियमला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात.) पुढे रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्याजवळ त्यांनी पक्ष्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची पद्धत पाहिली. १९३० मध्ये परत येतात तो काय, पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

नोकरी नाही, मुंबईतला खर्च परवडेना. तेव्हा पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. तिथे झाडांवर सुगरणींची घरटी लोंबत होती. सलीम अली शिडीवर बसून तासन्‌तास ती पाहत. नर सुगरण अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पसंत करते, आणि मग तो दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने टिपले. या लेखाने त्यांचे नाव झाले. नोकरी गेली नसती तर ते किहीमला गेले असते का, कोण जाणे.

त्यानंतर एकेका संस्थानात फिरून त्यांनी तिथल्या पक्ष्यांची पाहणी केली. पण स्वतःच्या शहराला ते विसरले नाहीत. हुमायून अब्दुलअली या आपल्या तरुण नातेवाइकाबरोबर त्यांनी मुंबई व साष्टी भागातल्या पक्ष्यांची यादी तयार केली. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून उत्तरेकडचे मोठे बेट. १९३६ पासून ही यादी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाक्रमाने छापली गेली. बारमाही राहणारे पक्षी कोणते, हिवाळ्यापुरते येणारे कोणते, आणि वाट चुकून क्वचितच दिसणारे कोणते, हे तिच्यात वेगवेगळे सांगितले होते.

यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. कावळा पाहिला असे कोणी म्हटले तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते. पण मुंबईत कधी न दिसलेला पक्षी एकदाच दिसला, असे कोणी सांगितले तर? उजेड कमी असेल, पक्षी लांब असेल, पाहणाऱ्याला हौस असेल. म्हणून सलीम अली पुरावा मागत. कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, किती पक्षी, काय खात होते, हे सारे ते स्वतःही जागच्या जागी वहीत लिहीत. खात्री नसेल तर नाव लिहायचे नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

तेहमिना या भटकंतीत त्यांच्याबरोबर असत आणि त्यांचे लेखनही तपासत. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष पसरून त्यांचे निधन झाले. सलीम अली खचून गेले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. पाली हिलवर बहीण कम्मू यांच्या घरी ते राहू लागले. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे चित्रमय पुस्तक निघाले. ते हातात घेऊन हजारो लोक पाखरे ओळखायला शिकले.

१९५७ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात माकडताप नावाचा नवा रोग आढळला. तो परदेशी पाखरांबरोबर येतो की काय, असा संशय होता. त्याच्या तपासासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्षी इजा न होता पकडायचे कसे? सलीम अलींनी बिहारच्या मीरशिकारांना बोलावले. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरणारे हे लोक; शाळेचे तोंड न पाहिलेले, पण जाळे लावण्यात उस्ताद. त्यांनी धरलेल्या पक्ष्याच्या पायात ॲल्युमिनियमचे कडे घालीत आणि त्याला सोडून देत. कड्यावर क्रमांक आणि सोसायटीचे नाव असे. भरतपूरला कडे घातलेली बदके सैबेरियात सापडल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि नकाशावर पाखरांच्या वाटा उमटू लागल्या.

डिलन रिप्ले या अमेरिकन मित्राबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर १० खंडांचा ग्रंथ लिहिला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व असे मान मिळाले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे शहर बदलले. ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी येऊ लागले. ही गोष्ट नवी आहे, हे जुन्या नोंदींमुळेच सांगता येते.

आणि खोट्या नोंदीचे काय होते, तेही दिसले. माइनर्टझागेन नावाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर सलीम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात गेले होते. पक्ष्यांचा मोठा जाणकार म्हणून त्याची ख्याती होती. १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवी येथे आपल्याला रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड मिळाले, असे त्याने लिहून ठेवले होते. त्यावर भरवसा ठेवून रिप्ले यांच्यासारख्यांनी शोध घेतला. काही सापडले नाही. पुढे उघड झाले, की तो नमुना खानदेशात पूर्वीच मिळालेला होता. माइनर्टझागेनने तो लंडनच्या संग्रहालयातून चोरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाजूला सारल्यावर १९९७ च्या नोव्हेंबरात, ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा सापडला, तो खानदेशातच, शहाद्याजवळ. २०१४ मध्ये तो तानसाच्या जंगलातही दिसला. तिथल्या तलावाचे पाणी मुंबईच्या नळांना येते. इतक्या जवळ तो असेल, असे कोणालाही वाटले नव्हते.