पेटीवादक, गायक, शिक्षक : पं. राजाभैया पूछवाले

ग्वाल्हेर गायकी म्हटली की हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ ही नावे ओघानेच येतात. पण दरबारातली ही गायकी शाळेच्या वर्गात आणणाऱ्यांमध्ये ग्वाल्हेरच्या एका मराठी कलावंताचे स्थान फार मोठे आहे. ते म्हणजे पं. राजाभैया पूछवाले.

त्यांचे मूळ नाव बाळकृष्ण आनंदराव अष्टेवाले. जन्म १८८२ साली ग्वाल्हेरचा. ध्रुपद-धमाराची तालीम त्यांना वामनबुवा देशपांडे यांच्याकडे मिळाली आणि ख्याल ते शंकरराव पंडितांकडे शिकले. पेटीवरही त्यांचा हात उत्तम होता. साथीदाराला गवयाची प्रत्येक जागा कानात धरून ठेवावी लागते. हा कान त्यांना पुढे शिकवताना उपयोगी पडला.

त्या काळी चीज सहज मिळत नसे. वर्षानुवर्षे गुरुसेवा करावी, तेव्हा एखादी अस्ताई पदरात पडे. शिष्य नसेल तर विद्या गवयाबरोबरच जाई. महाराज माधवराव शिंदे यांनी पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली संगीताची शाळा काढायचे ठरवले, तेव्हा काही ग्वाल्हेरकर कलावंत स्वरलिपी शिकण्यासाठी मुंबईस गेले. त्यांत राजाभैया होते. जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभैया तेथे शिक्षक झाले आणि पुढे प्राचार्यही.

मींड, आंदोलन, बोलांचा लगाव कागदावर पुरता उतरत नाही, असा आक्षेप स्वरलिपीवर घेतला जाई. तो खराच आहे. पण चीजच हरवली तर लगाव कशाचा शिकवायचा? राजाभैयांकडे दोन्ही होते : गुरुमुखातून आलेली गायकी आणि ती लिहून ठेवण्याची शिस्त. ‘तानमालिका’, ‘ठुमरी तरंगिणी’, ‘संगीतोपासना’ ही त्यांची पुस्तके याच कष्टांतून झाली. कष्टाने मिळवलेली विद्या त्यांनी पुस्तकांतून सर्वांसाठी खुली केली.

१९५६ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव बाळासाहेब पूछवाले यांनी ही परंपरा पुढे चालवली. माधव संगीत महाविद्यालयात आजही मुले शिकत आहेत. राजाभैयांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.