सात कसोट्यांचा अमरसिंह

राजकोटच्या लढा घराण्यात वेगवान गोलंदाजी आधी आली ती थोरल्या भावाकडे. रामजी वयाने दहा वर्षांनी मोठे आणि चेंडूला धगधगता वेग देणारे. ४ डिसेंबर १९१० रोजी जन्मलेल्या अमरसिंहाकडे तेवढा वेग नव्हता. त्याचे शस्त्र वेगळे होते. धाव आखूड, चेंडू हवेत दोन्ही बाजूंना वळे आणि टप्पा पडताच अधिक तिखट होऊन फलंदाजाच्या अंगावर येई.

जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा नेतृत्व पुढे इंदूरच्या होळकर संघाशी कायमचे जोडले गेलेल्या सी. के. नायडू यांच्याकडे होते. निसारच्या साथीने अमरसिंहाने चार बळी घेतले. पण त्याचे नाव टिकले ते फलंदाजीने. पराभव समोर दिसत असताना तळाला येऊन त्याने ५१ धावा फटकावल्या. कसोटीतील हे भारताचे पहिले अर्धशतक. नामांकित फलंदाजांना जे साधले नाही ते एका गोलंदाजाने साधावे, हे विशेषच.

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर दोघे भाऊ एकत्र खेळले. रामजींना बळी मिळाला नाही आणि ती त्यांची एकमेव कसोटी ठरली. धाकट्याने पुढे मद्रासला ८६ धावांत ७ गडी बाद केले. सामना मात्र हातचा गेला.

लँकेशायर लीगमधील कोल्न क्लबचा तो व्यावसायिक खेळाडू झाला. १९३६ च्या लॉर्ड्स कसोटीत त्याने ३५ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १३४ धावांत गुंडाळले. भारताला १३ धावांची आघाडी मिळाली, आणि दुसऱ्या डावात फलंदाजांनी ९३ धावांत ती घालवली. त्याच वर्षीच्या हंगामात नवानगरने रणजी करंडक जिंकला, त्या संघात तो होता.

पुढे युद्धाने कसोट्या थांबवल्या. २१ मे १९४० रोजी न्यूमोनियाने जामनगरला त्याचा अंत झाला, तेव्हा तिशी पूर्ण व्हायची होती. तोवर भारत सातच कसोट्या खेळला होता आणि त्या सातही कसोट्यांत अमरसिंह होता. त्याचे २८ बळी आहेत. भारताचा विजय त्यांतल्या एकाही सामन्यात नाही. रामजी धाकट्या भावाच्या मागे आठ वर्षे जगले.